चोथ्यातली साखर

पायांत जुने बूट घाला, पँटची टोकं मोज्यांत खोचा आणि शर्टाचं गळ्याशी असलेलं बटण लावा. उकडतंय, माहीत आहे. तरी लावा.

आता वर बघा. तुम्ही एका गोल लाकडी मनोऱ्याच्या तळाशी उभे आहात. रुंदी बारा-चौदा फूट, उंची तिसेक फूट, फळ्यांना बाहेरून लोखंडी कड्या आवळलेल्या. आत अंधुक उजेड, ओल्या लाकडाचा वास आणि तुमच्यासकट चार माणसं. त्यातली दोन शाळकरी पोरं आहेत. आज शाळा बुडवायला घरूनच परवानगी मिळाली आहे. छपराच्या खिडकीतून पत्र्याचा एक जाड नळ आत आलाय. भिंतीपलीकडे कुणीतरी हाक मारतं, वाफेचं इंजिन दोनदा खोकतं, लांबलचक पट्टा फट्‌ फट्‌ करत पळू लागतो, पोलादी पात्यांचा आवाज चढत जातो, नळ थरथरतो, आणि मक्याची हिरवीगार कुट्टी तुमच्या डोक्यावर, खांद्यांवर, मानेवर कोसळते.

बटण लावलं नव्हतं ना? आता संध्याकाळपर्यंत पाठ खाजवत बसा.

"तुडव!" शेजारचा दाढीवाला ओरडतो. "कडेकडेनं तुडव, भिंतीलगत! मधे काय नाचतोस?"

हे अमेरिकेतलं विस्कॉन्सिन राज्य, मॅडिसन शहरापासून थोडं आत. साल 1919, महिना सप्टेंबर. बाहेरच्या जगात मोठमोठ्या उलथापालथी चालू आहेत, पण या मनोऱ्यात त्यांना जागा नाही. इथे आज एकच काम आहे. पहिलं हिम पडायच्या आत मका कापायचा, बारीक करायचा आणि इथे ठासून भरायचा. पलीकडच्या शेतात घोड्यांनी ओढायचं एक यंत्र उभा मका कापून त्याच्या पेंढ्या बांधतंय. गाड्यांमागून गाड्या येतायत. खाली दोघं जण पेंढ्या उचलून पात्यांच्या तोंडी देतायत आणि ते तोंड काही मिटत नाही. आपल्याकडे कडबाकुट्टीच्या मशीनजवळ ज्यांनी हात सांभाळून काम केलंय, त्यांना त्या दोघांच्या कपाळावरच्या आठ्या नीट कळतील.

आणि हो, हे मुरघासच आहे. सांगली-कोल्हापूरकडे किंवा अहिल्यानगरला ज्यांनी मुरघासाच्या पिशव्या भरल्यायत, खड्ड्यात कुट्टी पसरून वर ट्रॅक्टर फिरवलाय, त्यांना इथला वास लगेच ओळखू येईल. फरक एवढाच की इथे ट्रॅक्टरचं काम तुमचे पाय करतायत.

तर तुडवा. कडेकडेनं.

कडेनं का, ते सांगतो. भिंत आणि कुट्टी यांच्यात फट राहिली की तिथे हवा राहते, आणि हवा राहिली की बुरशी. सुरुवातीच्या काळात लोक चौकोनी कोठ्या बांधत. चारही कोपऱ्यांत चारा सडायचा आणि जनावरांआधी मालकाच्या तोंडची चव जायची. मग इथल्याच कृषी महाविद्यालयातल्या फ्रँकलिन किंग यांनी हिशेब मांडून सांगितलं, कोठी गोल बांधा, म्हणजे कोपराच उरणार नाही. इतकी साधी गोष्ट, पण ती सुचायला आधी बरेच कोपरे सडावे लागले.

अर्ध्या तासानं तुमच्या लक्षात येईल की घोट्यांना ऊब लागतेय. ती तुमच्या घामाची नाही. ज्याला तुम्ही मेलेला मका समजताय तो अजून मेलेला नाही. त्याच्या पेशी श्वास घेतायत, कापल्यानंतरही, तुकडे झाल्यानंतरही. आत उरलेला प्राणवायू ओढून त्या स्वतःची साखर जाळतायत आणि त्याचीच ही ऊब आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ही चोरी आहे. जितकी हवा जास्त, तितकी साखर जळणार, तितकं गाईच्या वाटचं कमी. तुमच्या प्रत्येक पावलानं थोडी हवा बाहेर ढकलली जाते. काही तासांत आतला प्राणवायू संपेल, मक्याचा श्वास थांबेल, आणि मग ज्यांना हवेवाचून जगता येतं त्यांची पाळी येईल. ते आत्ताच इथे आहेत. पानांवर होते, पात्यांवर आहेत, तुमच्या बुटांनाही लागलेत.

एक ताट उचला. नीट कापलं न गेलेलं एखादं मिळेलच. साल दातानं ओढून काढा आणि चावा. उसाच्या पासंगालाही पुरणार नाही, पण गोड आहे. रस गिळा आणि चोथा थुंकून टाका.

थुंकलात? आजच्या दिवसाची खरी गंमत तुम्ही नेमकी थुंकून टाकलीत.

तुम्ही गिळलेला गोडवा म्हणजे रसातली साखर. ती कुणालाही हवी असते: तुम्हाला, मुंग्यांना, यीस्टला, सगळ्यांना. पण त्या चोथ्यातही साखरच आहे, फक्त ती भिंत होऊन बसली आहे. वनस्पतीच्या पेशीभोवती सेल्युलोजचे ताठ धागे असतात, आणि मका, ज्वारी, ऊस, गवत यांच्यात त्या धाग्यांना एकमेकांशी गुंतवून ठेवणारी दुसरी एक साखळी असते. झायलन तिचं नाव. त्या साखळीचा मणी म्हणजे झायलोज. तीही साखरच, चवीला गोड, साध्या साखरेहून थोडी कमी. मात्र ग्लुकोजमध्ये सहा कार्बन असतात आणि हिच्यात पाच.

ही पाच कार्बनांची साखर मका स्वतःच घडवतो. उन्हाळाभर पानांत ग्लुकोज तयार होतं. त्यातलं थोडं भिंत बांधायला काढलं जातं. त्याच्या सहाव्या कार्बनाचं आधी आम्ल केलं जातं आणि मग तो कार्बन सरळ तोडून हवेत सोडून दिला जातो, कार्बन डायऑक्साइड म्हणून. उरलेले पाच कार्बन म्हणजे झायलोज. हे सगळं चालतं ते साखरेला न्यूक्लिओटाइडचं एक दावं बांधून, म्हणजे ती वाटेत कुठे भरकटत नाही. मग एकेक मणी ओवायचा, मधूनमधून ॲरॅबिनोज नावाच्या दुसऱ्या पंचकार्बनी साखरेच्या फांद्या लावायच्या आणि तयार साखळी भिंतीत गुंफायची. एवढी कमावलेली साखर, तिच्यातला एक कार्बन फेकून द्यायचा! मला हा उधळेपणा नेहमीच विचित्र वाटत आला आहे. पण भिंत उभी राहते, मका दहा फूट वाढतो, वाऱ्यात मोडत नाही. तेव्हा मक्याला शहाणपण शिकवणारे आपण कोण.

"जेवायला!"

इंजिनाची शिट्टी वाजते. पात्यांचा आवाज उतरत जातो आणि अचानक इतकी शांतता होते की कानांत गुंईऽऽ असा आवाज राहतो. बाजूच्या दारांच्या ओळीतून, लाकडी पायऱ्यांवरून खाली उतरा. पाय थरथरतायत, ते इतरांनाही दिसतायत, पण कुणी काही म्हणत नाही.

अंगणातल्या हातपंपाशी रांग लागलीय. गार पाणी, पिवळा साबण आणि एकच टॉवेल. पहिल्या माणसाला टॉवेल कोरडा मिळतो. तुम्ही पहिले नाही. आज या शेतावर आजूबाजूच्या आठ-दहा घरांतली माणसं आली आहेत. उद्या हेच सगळे पुढच्या शेतावर जातील. कुट्टीचं यंत्र आणि इंजिन सगळ्यांच्या मिळून भाड्याचं आणि श्रम उसनवारीचे. आपल्याकडच्या सावडीच्या, इर्जिकीच्या माणसाला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

टेबल बघून घ्या. भाजलेलं मांस, उकडलेल्या बटाट्यांचा डोंगर, घट्ट रस्सा, ताजा पाव, लोणी, सफरचंदाची पाय, काळी कॉफी. घरची बाई आणि तिच्या मदतीला आलेल्या शेजारणी पहाटेपासून चुलीपुढे आहेत. त्यांच्या तोंडावर बाहेरच्या उन्हापेक्षा जास्त लाली आहे. कोणाच्या घरी कसं जेवण होतं याची चर्चा पुढचे दोन आठवडे चालणार, हे त्यांना पक्कं माहीत आहे. टेबलाच्या एका टोकाला जर्मन चाललंय, दुसऱ्या टोकाला नॉर्वेजियन, मधे इंग्रजी. आणि तो पांढऱ्या, ओलसर, बारीक चिरलेल्या कोबीचा वाडगा? घ्या. साउरक्राउट. मिठात दाबून आंबवलेली कोबी. तळघरातल्या मातीच्या बरणीतून आत्ताच काढलीय.

वास घ्या. आंबट, थोडा झोंबणारा. पुन्हा घ्या. काही आठवलं?

हाच वास काही आठवड्यांनी त्या मनोऱ्यातून येणार आहे. बरणीत कोबी दाबून वर दगड ठेवणारी ही बाई आणि मनोऱ्यात मका तुडवणारे तुम्ही, दोघांनी एकच काम केलंय: हवा काढून टाकली आणि आंबवणाऱ्या जिवाणूंना राज्य दिलं. बरणीतल्या जिवाणूंचे भाऊबंदच मनोऱ्यात आहेत. हे तुम्ही टेबलावर बोलू नका मात्र. गाईचं खाणं आणि पाहुण्यांचं खाणं एकच आहे असं यजमानीणबाईंना सांगणाऱ्याला पायचा दुसरा तुकडा मिळत नाही.

शेवटी बसलेले आजोबा बोलतील, त्यांना बोलू द्या. त्यांना हे मनोरे पहिल्यापासून मंजूर नाहीत. या आंबट चाऱ्यानं गाईंचे दात पडतात, आतडी झिजतात, गाई झिंगतात, असं ते तरुणपणी ऐकत आले. त्या वेळी असं म्हणणारे गावोगाव होते आणि मुरघास खाणाऱ्या गाईंचं दूध नाकारणारे कारखानेही होते. मालक हसून म्हणतो, "माझ्या गाईंचे दात मोजून बघा." आजोबा हसत नाहीत. त्यांचा एक मुद्दा मात्र पक्का आहे. शेजारच्या गावात स्विस चीज करणारा कारागीर मुरघासाचं दूध दारात येऊ देत नाही. यात खोट काढायला जागा नाही. मुरघास नीट साधला नाही, ओल जास्त झाली, माती मिसळली, की त्यात दुसऱ्याच जातीचे जिवाणू माजतात आणि ब्युटिरिक आम्ल तयार करतात. खवट लोण्याचा तो वास हात तीनदा धुतले तरी जात नाही. त्यांचे बीजाणू शेणातून, आचळांवरून दुधात उतरतात, चीजच्या चाकात दडून बसतात आणि महिन्यांनंतर आत वायू करून अख्खं चाक फोडतात. आजोबांना बीजाणू माहीत नाहीत. फुटलेलं चाक त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

पुन्हा वर चढा. दुपार सकाळपेक्षा लांब असते. संध्याकाळी मनोरा गळ्यापर्यंत भरतो आणि मालक सगळ्यांना, पोरांना तर कान धरून, एक गोष्ट बजावतो: आता काही दिवस आत जायचं नाही. जायचंच झालं तर आधी यंत्राचा पंखा चालवून हवा खेळवायची, कंदील दोरीनं खाली सोडून बघायचा. कंदील विझला तर माणूसही विझेल. मालकाला वाटतं, भीती आहे ती फक्त जड हवेची, म्हणजे कार्बन डायऑक्साइडची. ती खरीच आहे. पण मक्यात साठलेल्या नायट्रेटपासून पहिल्या दिवसांत आणखी एक वायू निघतो. पिवळसर तपकिरी, जड, कपडे पांढरे करायच्या पावडरीसारख्या उग्र वासाचा नायट्रोजन डायऑक्साइड. तो कंदील विझवत नाही, फुप्फुसं जाळतो. डॉक्टरांनी त्या आजाराला नाव दिलं ते 1956 मध्ये. त्याआधी किती माणसं मनोऱ्यात उतरली आणि कंदिलावर विश्वास ठेवून बसली, कोण सांगणार. तुम्हाला हे माहीत आहे. सांगावंसं वाटतंय ना? मग निदान त्या धाकट्या पोराला आज दारापासून लांब ठेवा.

पहाटेची गाडी पकडा. डब्यात दुधाचे कॅन तुमच्या गुडघ्यांना खडखडत राहतील. मॅडिसनला उतरून तळ्याकाठच्या टेकडीवर चढा. कृषी महाविद्यालय तिथे आहे. दार ढकला.

इथला वास वेगळा आहे. वाफवलेला कापूस, गरम काच, गॅसच्या बर्नरची ज्योत, आणि कुठेतरी पातळ आम्लात उकळणारी दाणे काढलेली मक्याची रिकामी कणसं. शेतकरी ती चुलीत घालतो. इथे त्यांच्यातून झायलोजचे पांढरे स्फटिक काढले जातात, कारण रिकाम्या कणसात झायलन भरपूर असतं. मांडणीवर चंबूंच्या रांगा, प्रत्येकाच्या तोंडात कापसाचा बोळा. हात लावू नका. त्या माणसाला तुमच्या बुटांना लागलेली कुट्टी दिसली की तो तुम्हाला हाकलेल किंवा बूट ठेवून घेईल, काही सांगता येत नाही.

तो माणूस म्हणजे एडविन फ्रेड, जिवाणूंचा अभ्यासक. पुढे हा या विद्यापीठाचा अध्यक्ष होणार आहे, पण आज बाह्या सरसावून काम करतोय. सोबत विल्यम पीटरसन, रसायनाचा माणूस. मुरघास, साउरक्राउट, शेण यांसारख्या ठिकाणांहून त्यांनी एक जिवाणू वेगळा काढलाय आणि त्याला जेवायला फक्त झायलोज दिलंय. दुसरी कुठलीही साखर नाही. पावाचं, बिअरचं यीस्ट या साखरेपुढे हात टेकतं. तिला आंबवण्याची सोयच त्याच्याकडे नाही. हा जिवाणू मात्र ती खातो आणि चंबू आंबट होतो.

आता हे लोक जे करतायत ते बघायला थोडा धीर लागतो. चंबूतला द्रव वाफेवर उकळून उडणारं आम्ल वेगळं गोळा करायचं आणि थेंबाथेंबानं अल्कली घालून मोजायचं. न उडणारं आम्ल जस्ताच्या क्षारात बांधून त्याचे खडे पाडायचे, वाळवायचे, तोलायचे. तराजू काचेच्या पेटीत आहे. तुमच्या श्वासानंही काटा हलतो, म्हणून मागे सरका. खिडकीबाहेर कुणी हसलं तरी आतल्यांच्या कपाळावर आठी येते. दिवसभर हेच. संध्याकाळी वहीत बेरीज.

उडणारं आम्ल अ‍ॅसेटिक, म्हणजे व्हिनेगरमधलं. न उडणारं लॅक्टिक, म्हणजे दह्यातलं. तिसरं म्हणावं असं विशेष काही नाही. वायूचे बुडबुडेही जवळजवळ नाहीत.

कागद घ्या आणि तुम्हीच मांडा. झायलोजचा रेणुभार 150. अ‍ॅसेटिक आम्लाचा 60. लॅक्टिकचा 90. साठ आणि नव्वद दीडशे. पाच कार्बनांची साखर मधोमध नाही, पण बरोब्बर एका जागी तोडली आहे: दोन एकीकडे, तीन दुसरीकडे. कण वाया नाही. मक्यानं ही साखर घडवताना एक कार्बन फेकला होता. या जिवाणूनं तोडताना एकही फेकला नाही. तोच जिवाणू ग्लुकोज खायला लागला तर मात्र त्याच्याही हातून एक कार्बन वायू होऊन निसटतो. सहाची साखर त्याला तशी पचते, पण अंगाला लागते ती पाचाची.

फ्रेड-पीटरसन यांच्या वहीत ही वजनं जवळपास जुळतात, आणि त्यांना कळतं की हा योगायोग नव्हे. हे आत नेमकं कसं घडतं ते त्यांना आज ठाऊक नाही. तुम्हाला सांगायचा मोह होईल. आधी एक एन्झाइम झायलोजची घडण थोडी फिरवून तिचं झायल्युलोज करतं. दुसरं तिच्यावर फॉस्फेटची गाठ मारतं. तिसरं, फॉस्फोकेटोलेज, तीच गाठ मारलेली साखर दोन आणि तीनमध्ये तोडतं. हे तिसरं एन्झाइम हाती लागायला 1950 चं दशक उजाडावं लागलं. आणि त्या पहिल्या, घडण फिरवणाऱ्या एन्झाइमची तर पुढे चंगळ झाली. ते ग्लुकोजचंही फ्रुक्टोज करतं, हे लक्षात आल्यावर अमेरिकेत मक्याचा गोड पाक कारखान्यांत बनू लागला आणि बाटलीबंद थंड पेयांत जाऊन बसला. मुरघासाच्या जिवाणूची विद्या अशी सोड्याच्या फेसात निघाली.

जिवाणूचं नाव त्यांनी ठेवलं लॅक्टोबॅसिलस पेंटोअ‍ॅसेटिकस. नंतरच्या मंडळींनी त्याला लॅक्टोबॅसिलस ब्रेव्हिसमध्ये घातलं, आणि त्या ब्रेव्हिसचंही पुन्हा बारसं झालं. जिवाणूंच्या घराण्यात नावं बदलायची हौस फार.

टेबलावर थोडे स्फटिक सांडलेत. कुणी बघत नसेल तर बोट लावून चाखा. गोड आहे. पण तुमच्या शरीराला तिचं फार काही करता येत नाही. काही पोटातून रक्तात जाते आणि त्यातली बरीचशी लघवीवाटे तशीच निघून जाते. डॉक्टरांनी नंतर याचाही उपयोग करून घेतला. रोग्याला 25 ग्रॅम झायलोज पाण्यात पाजायचं, पाच तास लघवी गोळा करायची आणि किती साखर उतरली ते बघायचं. कमी उतरली तर आतड्याचं शोषण बिघडलंय. म्हणजे ज्या साखरेचं आपण काही करत नाही तीच आपल्या आतड्याची परीक्षा घेते.

जानेवारीत या परत. लोकरीचे दोन थर घाला, नाक झाका. पहाटेचे पाच, बाहेर काळोख, बर्फ बुटाखाली करकरतंय, नाकातले केस गोठलेत. मनोऱ्याच्या अंगाला लागून एक अरुंद उभी वाट आहे; कंदील काखेत धरून तिच्या पायऱ्या चढा. वर पोचलात की दाताळं हातात घ्या.

भिंतीजवळचा चारा दगड झालाय, तो कुऱ्हाडीनं फोडावा लागेल. मधला मात्र मऊ आहे आणि त्यातून कोमट वाफ येते. हिरवा रंग गेलाय, पिवळट तपकिरी झालाय. मूठभर उचला, नाकाशी न्या. दही, व्हिनेगर, थोडा तंबाखू, थोडी शिळी सफरचंदं. हा चांगला मुरलाय.

यातलं बहुतेक आम्ल रसातल्या साध्या साखरेपासून झालं, हे खरं. पण मक्याची स्वतःची एन्झाइमं आणि वाढत गेलेला आंबटपणा यांनी झायलनच्या साखळ्याही इथे-तिथे उसवल्या. त्यातून झायलोज, ॲरॅबिनोज सुटलं आणि तेही खाल्लं गेलं. त्यातून आलेलं अ‍ॅसेटिक आम्ल आत्ता, या क्षणी कामाला येतंय. वरचा थर उघडला, हवा आत शिरली, यीस्ट आणि बुरशी जाग्या झाल्या. त्यांना नुसत्या लॅक्टिकची फारशी धास्ती नसते, अ‍ॅसेटिकची असते. आपल्याकडे आज मुरघासासाठी कल्चरच्या पुड्या मिळतात, त्यांतल्या काहींत अ‍ॅसेटिक करणारे जिवाणू मुद्दाम घातलेले असतात ते याचसाठी. तरी मालकाचा नियम मोडू नका. रोज सगळीकडून सारखा दोनेक इंच थर काढायचा, खड्डा पाडायचा नाही. बुरशी चालते त्याहून जरा भरभर आपण चालायचं.

चारा त्या उभ्या वाटेतून खाली ढकला. धप्‌ आवाज होताच गोठ्यातून साखळ्यांचा खळखळाट ऐकू येईल. गाईंना तो आवाज घड्याळापेक्षा पाठ आहे.

खाली उतरा. गोठ्याचं दार उघडताच उबेचा लोट तोंडावर येतो: शेण, दूध, केस, उच्छ्वास. बाहेरच्या थंडीनंतर हा वास वाईट म्हणायची तुमची हिंमत होणार नाही. आधी धार काढायची, मग मुरघास घालायचा. उलट केलं तर दुधाला वास लागतो. तिपाई ओढा, कपाळ गाईच्या कुशीला टेका. तुम्हाला येत नाही? मग निदान बादली धरा. शेपटीपासून सावध.

तिचं खाणं झालं आणि रवंथ सुरू झाला की तिच्या डाव्या बाजूला जा. शेवटच्या बरगडीच्या मागे खळगा आहे, तिथे मूठ दाबून धरा. थांबा. आली? मूठ हळूच बाहेर ढकलली गेली ना? अर्ध्या-एक मिनिटानं पुन्हा ढकलली जाईल. आत दीडशे लिटरच्या घरातलं एक कोमट, अंधारं, हवेविना चालणारं भांडं घुसळलं जातंय. मनोऱ्यात जे काम अर्धवट राहिलं ते इथे पुरं होतं. तुम्ही सप्टेंबरात थुंकलेला चोथा इथे खरा फुटतो. जिवाणू झायलनच्या साखळ्या कापतात, मणी सुटे करतात, झायलोज आत ओढून घेतात आणि त्यातून मुख्यतः अ‍ॅसेटिक आम्ल बाहेर टाकतात. गाय स्वतः झायलनच्या वाटेला जात नाही. तिला हवं असतं ते जिवाणूंनी टाकून दिलेलं आम्ल. ते रक्तातून कासेत पोचतं, आणि तिथे दोन-दोन कार्बन जोडत जाऊन दुधाच्या स्निग्धांशाचा मोठा हिस्सा तयार होतो. पाचातून सुटलेले ते दोन कार्बन, शेवटी इथे लोण्यात.

मालकाला यातलं काही सांगायची गरज नाही. त्याला एवढं ठाऊक आहे की मनोरा बांधल्यापासून हिवाळ्यात गाई आटत नाहीत. आधी सुक्या गवतावर त्या डिसेंबरात आटायच्या आणि घरात लोण्याचा पैसा यायचा तो वसंतात. आता जानेवारीतही कॅन भरतोय.

तो कॅन घसरगाडीवर चढवा. घोड्याच्या नाकपुड्यांतून वाफ निघतेय, रस्ता पांढरा, डेअरीच्या धुराड्याचा धूर सरळ वर चाललाय. आत शिरलात की पाय ओल्या सिमेंटवर घसरतील. सगळीकडे गरम पाणी, आंबलेलं दूध, सोडा. काउंटरवर चारसहा शेतकरी टेकून उभे आहेत. वरवर गप्पा, डोळे मात्र एकाच टेबलावर. आज चाचणीचा दिवस आहे.

दूधसंघाच्या दारात फॅट लागण्याची वाट बघत जो कधी उभा राहिलाय, त्याला ते डोळे परिचयाचे आहेत. इथे यंत्रात आकडा उजळत नाही. परीक्षक लांब मानेच्या काचेच्या बाटलीत नळीनं 17.6 मिलिलिटर दूध सोडतो, मग जवळपास तेवढंच तीव्र गंधकाम्ल. बाटली हातात गोल फिरवतो. दूध पिवळं, मग तपकिरी, मग कॉफीसारखं काळं होतं आणि बाटली हाताला चटका देते. सगळ्या बाटल्या एका चक्रात अडकवून गरगर फिरवायच्या, वर गरम पाणी घालायचं, पुन्हा फिरवायच्या. आम्लाची वाफ घशात जाते, खोकला येतो. मॅडिसनच्याच स्टीफन बॅबकॉक यांनी 1890 मध्ये ही रीत काढली आणि तिच्यावर पेटंट घेतलं नाही. तोवर पाणी घालणारा आणि न घालणारा एकाच भावानं दूध विकत होता.

चक्र थांबतं. परीक्षक बाटली डोळ्यांच्या रेषेत धरतो. काळ्या द्रवावर, बाटलीच्या बारीक मानेत, सोनेरी पिवळ्या स्निग्धांशाची एक उभी पट्टी चढून आलीय. तो कंपासनं खालचं टोक आणि वरचं टोक धरतो. साडेतीनच्या थोडं वर.

"तीन पूर्णांक सहा," तो म्हणतो.

"सात आहे," तुमचा मालक म्हणतो. "नीट बघ."

"सहा."

"मागच्या खेपेला सात होती."

"मागच्या खेपेला सात होती म्हणून सात लिहिलं. आज सहा आहे म्हणून सहा लिहितो."

वहीत सहा लिहिलं जातं. मालक टोपी कानांपर्यंत ओढतो आणि तुमच्याकडे असं बघतो जणू ती एक रेघ तुम्हीच खाल्लीत. निघायची घाई करू नका. साय काढलेलं दूध त्याच कॅनमध्ये भरून परत मिळतं, वासरांसाठी आणि डुकरांसाठी, आणि ते गाडीवर चढवायचं काम नव्या माणसाचं असतं. कॅन गरम आहे, कडी निसरडी आहे. दोन्ही हातांनी धरा. उचला.